मैदान आहे, पण कुलपात

"मनात असलं की वेळ मिळतो" म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे सव्वासहाला आमच्या बायपासवर येऊन उभं राहावं.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, पळा. पंचेचाळिशीत सुरुवात केली. पळणं कसलं, एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. तेवढा वेळ आहे हो माझ्याकडे! नाही तो उजेड. जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर, मावळतो सहाच्या सुमाराला. आणि नगरपरिषदेच्या मैदानाचं कुलूप निघतं सातला, लागतं सहाला. म्हणजे माणूस कामावर असतो तेवढाच वेळ मैदान उघडं! हायमास्ट आहे की. उद्घाटनाच्या फोटोत पेटलेलासुद्धा आहे. (बातमी मीच दिली होती.)

माझं सोडा. पोलीस भरतीवाल्या पोरी ८०० मीटरचा सराव बायपासवर ट्रकांच्या शेजारून करतात, कारण नऊला त्यांना दुकानात कामावर उभं राहायचं असतं. परवा त्यांना सांगितलं, उजव्या कडेने पळा, समोरची गाडी दिसेल, अंगात पांढरं घाला. सांगतानाच लाज वाटली.

मुख्याधिकारी साहेब, वीजबिलाचं सांगू नका. चौकातल्या कमानीची रोषणाई रात्रभर चालू असते. कुलूप पहाटे साडेपाचला काढा, रात्री साडेआठला लावा, आणि तो दिवा पेटवा. सोमवारी साडेपाचला मी गेटवर उभा आहे. चावी घेऊन कोण येतंय बघतो.