समजून घ्या : १८ वर्षांआधी आई-वडिलांपासून कायद्याने वेगळं होता येतं का?

‘मी कोर्टात जाऊन आई-वडिलांपासून मोकळा होईन’ हे वाक्य अमेरिकन मालिका आणि रील्समधून आपल्या मोबाइलवर पोहोचलं आहे. ‘ई.टी.’ सिनेमातली बालकलाकार ड्रू बॅरीमोर हिला किशोरवयातच न्यायालयाने सज्ञानाचे अधिकार दिले, हे उदाहरण त्यात हमखास असतं. ही मुक्तता नेमकी मिळते कशी? आणि भारतात मिळते का?

अमेरिकेत काय होतं?

तिथे याला ‘इमॅन्सिपेशन’ म्हणतात. नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. कॅलिफोर्नियात मात्र न्यायालयात अर्ज करता येतो. त्याच्या अटी :

• वय किमान १४ वर्षे
• आई-वडिलांच्या संमतीने किंवा त्यांची हरकत नसताना, स्वखुशीने वेगळं राहणं
• स्वतःचे पैसे स्वतः सांभाळणं
• उत्पन्न गुन्ह्यातून आलेलं नसणं

अर्जाची माहिती आई-वडिलांना दिली जाते. मुलाच्या हिताला बाधा येत नाही, याची खात्री झाल्यावरच न्यायाधीश मंजुरी देतात.

काय मिळतं, काय जातं?

करारावर सही, उपचारांना संमती आणि स्वतःच्या कमाईवर हक्क मिळतो. मतदानाचा हक्क मात्र १८ लाच आणि दारूची परवानगी २१ लाच. मुख्य म्हणजे, मुलाला पोसण्याची आई-वडिलांची जबाबदारी संपते. पुढे मूल निराधार झालं, तर न्यायालय आदेश मागे घेऊ शकतं.

खरी मेख इथेच आहे. जो आधीच स्वतःच्या पायावर उभा आहे, त्यालाच हा कायदा मोकळं करतो. घरात मार खाणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या मुलासाठी ही वाट नाही.

भारतात काय?

अशी तरतूद नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच व्यक्ती सज्ञान होते. त्याआधी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात स्पष्ट केलं.

वर्तमानपत्रांत ‘मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये’ अशा जाहीर नोटिसा तुम्ही वाचल्या असतील. मूल अल्पवयीन असेल, तर अशा नोटिशीने त्याच्या पोटगीची जबाबदारी टळत नाही.

घरात छळ होत असेल तर?

१०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर मोफत फोन करता येतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्यातली बाल कल्याण समिती मुलाला बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवू शकते. संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना २१ पर्यंत अनुरक्षणाची मदत देण्याचीही तरतूद आहे.

आमचं मत

मुलांना मोकळं करण्याआधी त्यांना संरक्षण देण्याचा भारतीय कायद्याचा क्रम योग्यच आहे. पण त्यात एक विसंगती आहे. १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची सोय याच २०१५ च्या कायद्यात आहे. मात्र त्याच वयाचा, आई-वडील नसलेला, स्वतः कमावणारा मुलगा खोलीच्या भाडेकरारावर सही करू शकत नाही. शिक्षेपुरतं मोठं आणि हक्कापुरतं लहान, असं किती दिवस चालणार?

अमेरिकेची नक्कल नको. पण ज्यांच्या पाठीशी पालकच उरलेले नाहीत, अशा १६-१७ वर्षांच्या मुलांना बाल कल्याण समितीच्या देखरेखीखाली घरभाडे, शिक्षण आणि उपचार यांपुरते मर्यादित अधिकार देण्याचा विचार व्हायला हवा. आज अशा मुलासाठी सही करणारा कोणी भेटतो का, हे नशिबावर अवलंबून आहे.