घमेल्यांचा हिशेब

एप्रिल उजाडला की महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांत टिकाव-फावडी बाहेर निघतात आणि त्यांच्या मागोमाग दोन पक्षही निघतात. एक पक्ष म्हणतो, गावाने मनावर घेतले तर काय होत नाही. पाहा, दीड महिन्यात अख्खा डोंगर चरांनी भरून गेला. दुसरा म्हणतो, हे सारे फोटोपुरते. जेसीबी एका तासात उरकेल त्या कामासाठी शंभर माणसे उन्हात उभी करण्यात शहाणपण कुठले, आणि सरकारचे काम गावाकडून फुकटात करून घेणे याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वेठ. या दोघांचे एकमेकांशी कितीही वाकडे असले तरी एका बाबतीत त्यांचे गुपचूप एकमत आहे: श्रमदानाचे मोल किती घनमीटर माती हलली यावर ठरते. माझा आक्षेप या एकमताला आहे. सगळ्यांनी मिळून अंगमेहनत केलेल्या गावाला मुख्यतः मिळते ती स्वतःवर नियम घालून घेण्याची ऐपत. बंधारा हा त्या ऐपतीचा जोडधंदा. ही ऐपत आलीच नाही, तर घमेल्यांचा हिशेब कितीही मोठा लागो, गाव दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा टँकरच्या रांगेत उभे राहते.

आधी तो हिशेबच करून पाहू, कारण तो उत्साही पक्षाला फारसा सोयीचा नाही. मुरमाड जमिनीत एक माणूस दिवसाकाठी फार तर एक घनमीटर खोदतो. दोनशे माणसे पंचेचाळीस दिवस एकही खाडा न करता राबली, तर नऊ हजार घनमीटर खोदाई होते. हे चर पावसाळ्यात तीन वेळा काठोकाठ भरून मुरले असे धरू, म्हणजे सत्तावीस हजार घनमीटर पाणी जमिनीत गेले. एक हजार हेक्टरांच्या शिवारावर चारशे मिलिमीटर पाऊस पडला, तर तो चाळीस लाख घनमीटर होतो. त्यापुढे ही चिमूटच. आता दुसरी बाजू. मोकाट पाण्यावर घेतलेला ऊस हेक्टरी वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी पितो. म्हणजे दोनशे माणसांचा दीड महिन्याचा घाम एका हेक्टरभर उसाने, किंवा त्याहून थोड्या अधिक उसाने, निवांत पिऊन टाकला. चरांनी माती थोपते, गवताला ओल मिळते, खालचे बंधारे गाळाने लवकर भरत नाहीत, हे सगळे खरे आहे. पण पाण्याच्या जमाखर्चात जमेची बाजू हाताने भरायची आणि खर्चाची पंपाने, असा व्यवहार कोणत्याही वहीत जुळणार नाही.

मग यंत्रवाद्यांचे बरोबर म्हणायचे का? त्यांचा प्रयोगही होऊन गेला आहे. डिसेंबर 2014मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात 2019पर्यंत राज्य दुष्काळमुक्त करायचे होते. नाल्यांच्या खोलीकरण-रुंदीकरणासाठी पोकलेन अहोरात्र चालले. योजनेवर 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले आणि 2020मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या 'कॅग'च्या अहवालाने तपासलेल्या 120 गावांपैकी 83 गावांत पिण्याची आणि शेतीची गरज भागेल एवढा साठा निर्माणच झाला नसल्याचे नोंदवले. यात आश्चर्य नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग बेसाल्टचा. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, तेही बेताचे. माथ्यावर काही न करता पायथ्याचा नाला खरवडून कातळापर्यंत नेला, की मुरवणारा थरच निघून जातो आणि उरतो सरळसोट खंदक. यंत्र तासाभरात शंभर माणसांचे काम करते हे मान्य. पण ते शंभर माणसांना एकमेकांचे तोंड पाहायला लावत नाही. पुढच्या वर्षी त्या नाल्याचा गाळ काढायचा कोणी, या प्रश्नाला ठेकेदाराचे बिल निघाल्यावर उत्तर देणारा कोणी उरत नाही.

नियम म्हणजे नेमके काय, हे हिवरे बाजारमध्ये दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाची ख्याती 'श्रमदानाने घडलेले गाव' अशी आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. तिथली पाणलोटाची कामे मोठ्या प्रमाणावर रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेच्या पैशातून झाली. त्याच पैशातून कामे झालेली गावे राज्यात इतरही आहेत. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढे आहे: शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, डोंगरावर जनावरे मोकळी सोडायची नाहीत, आणि पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. याच्या शेजारी राज्याचा कायदा ठेवून पाहा. 2009चा महाराष्ट्र भूजल अधिनियम. तो साठ मीटरांहून खोल विहिरी शेती-उद्योगासाठी घेण्यास मनाई करतो. त्याआधीच्या 1993च्या कायद्यानेही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाभोवती 500 मीटरांत नवी विहीर खोदायला बंदी केली होती. तरीही बोअरच्या गाड्या रात्री-अपरात्री गावोगाव फिरतात आणि पाचशे-सातशे फूट खाली जातात, हे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणाला माहीत नाही? कायदा कागदावर साठ मीटरांवर थांबला; गावाच्या ठरावाने बोअर मुळातच अडवला. फरक पडला तो ठरावामागे उभ्या असलेल्या माणसांमुळे. ज्याने स्वतः चर खोदला तो त्यात शेजाऱ्याची शेळी उतरलेली पाहून गप्प बसत नाही, आणि ज्या शेजाऱ्याने खोदला तो शेळी सोडायला धजत नाही. श्रमदानाने तयार होते ती ही भीड. तिला घनमीटर लावता येत नाही.

श्रमदानाविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप फोटोंचा नाहीच. तो भूमिहीनांचा आहे. डोंगरावर पाणी अडवले की विहीर भरते ती पायथ्याच्या बागायतदाराची. ज्याला गुंठाभरही जमीन नाही त्याने हंगामातली मजुरी बुडवून घमेली वाहायची आणि त्या पाण्यावर दुसऱ्याने डाळिंब पिकवायचे, याला गावाची एकजूट म्हणणे हा शुद्ध कावा आहे. या आक्षेपाला 'पाणी वाढले की कामही वाढते' असे उत्तर देण्याची चाल आहे; ती मला पटत नाही. खरे उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभे केले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीला न देता माणसाला दिला: दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. हरियाणातल्या सुखोमाजरीतही तेच घडले. जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला धरणाच्या पाण्यात हिस्सा मिळाला, तेव्हाच डोंगरावरची चराई लोकांनी आपणहून थांबवली. म्हणजे आक्षेप खरा आहे आणि त्याचा रोखही बरोबर आहे, मात्र त्याने बाद होते ते वाटपाचा नियम न करता केलेले श्रमदान. ज्या गावात भूमिहीनाचा वाटा आधी ठरलेला नाही, तिथे त्याने टिकाव उचलू नये. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या विहिरीवरचे मीटर दाखवावे.

याला लागूनच दुसरा आक्षेप येतो, आणि नियमाचे गोडवे गाणाऱ्या माझ्यासारख्याला तो अधिक बोचणारा आहे. गावाचा नियम म्हणजे गावातल्या बलवानांचा नियम. चराईबंदी झाली की मेंढपाळाने जायचे कुठे? कुऱ्हाडबंदी झाली की जिची चूल सरपणावर चालते तिने पेटवायचे काय? राळेगणसिद्धीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या जोडीला नशाबंदी होती, आणि तिच्या अंमलबजावणीत दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याची गोष्ट स्वतः अण्णा हजारे यांनी उघडपणे सांगितली आहे. तिचे कौतुक करण्याचे कारण मला दिसत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष 'नियमच नकोत' असा होत नाही. नियम नसलेल्या गायरानावर आधी अतिक्रमण बलवानच करतो. निष्कर्ष असा निघतो की जो नियम ज्याच्या पोटावर येतो, त्याच्या संमतीवाचून तो करता कामा नये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही अट फार पूर्वी स्वीकारली: ग्रामसभेत बहुमताने निर्णय नाही, सर्वसहमती होईपर्यंत चर्चा. त्याच गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार त्याच्या हाती आला. सर्वसहमतीला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायचा नसेल तर मग पोकलेनच बरा, तो निदान कोणाला उपदेश करत नाही.

सरकारने जबाबदारी झटकण्यासाठी श्रमदान वापरू नये, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रोजगार हमीचा जन्मच या राज्यात झाला, तोही दुष्काळात. जिथे मजुरीचा हक्क आहे तिथे मजुरीच दिली पाहिजे. श्रमदानाची जागा त्यानंतरची: देखभाल, राखण, मोजमाप. पण आपल्याकडे उलटे घडते. खोदायला हौशी येतात आणि राखायला कोणी नसते. राज्याच्या वृक्षलागवडीच्या मोहिमेत लावायच्या रोपांची संख्या दर वर्षी जाहीर झाली. 2016 साली एका दिवसात दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि तेहेतीस कोटी. जगलेल्यांची संख्या तेवढ्या मोठ्या आवाजात कधी जाहीर झाली नाही. ग्रामस्वच्छता अभियानातही समिती यायच्या आदल्या रात्री उजळलेली आणि समितीची जीप वळणाआड जाताच मूळ पदावर आलेली गावे पुष्कळ आहेत. दोष हौशींचा नाही. आपण बक्षीस दिले ते लावण्याला आणि झाडण्याला.

राहता राहिला 'एका माणसावर उभी राहणारी गावे' हा आक्षेप. तो आदर्श म्हणून मिरवल्या जाणाऱ्या गावांना बऱ्याच अंशी लागू पडतो, आणि त्या गावांचे पर्यटन करणाऱ्यांना तर अधिकच. मात्र पुढारी गेल्यावर काय उरते हे तपासण्याची सोपी रीत आहे. गावाची ठराववही उघडावी. बोअरचा ठराव आहे का, मोडल्याबद्दल दंड कधी झाला, आणि दंड झालेल्यांत सरपंचाच्या भावकीतले कोणी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर ते गाव पुढाऱ्यावाचूनही चालेल.

2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली गावांची जलसंधारणाची 'वॉटर कप' स्पर्धा 2019पर्यंत 76 तालुक्यांत पोचली आणि 8 एप्रिल ते 22 मे हा काळ जणू श्रमदानाचा हंगामच ठरला. स्पर्धा थांबली तरी अनेक गावांत तो रिवाज टिकून आहे. ज्यांच्या हातांना त्याची सवय लागली आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे, की या हंगामाच्या बरोबर मध्ये 1 मे येतो आणि त्या दिवशी ग्रामसभा असते. तेवढ्या एका सकाळी टिकाव-फावडी बाजूला ठेवा, भूमिहीनांना पुढच्या रांगेत बसवा आणि बोअर, ऊस व पाण्याचा वाटा हे तीन विषय पटलावर घ्या. चर 2 मेला खोदता येतील.