वाट मोकळी करणारा फौजी

भाताची झोडणी उरकली की आपल्याकडे घटकाभर ओटीवर बसायला सवड मिळते. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिनही याच दिवसांत येतो. लढाईत पडलेल्या जवानाची आठवण आपण त्या दिवशी काढतो, आणि ती काढायलाच हवी. पण जो लढून परत आला, ज्याने पुढे संसार केला, मुलेबाळे वाढवली आणि एक दिवस आपल्या अंथरुणावर डोळे मिटले, त्याची आठवण कोण काढतो? आज अशाच एका फौजीविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

मेजर रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. बदलीची नोकरी, त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची घडी कधी नीट बसली नाही. १९४० साली, बाविसाव्या वर्षी, रामा साधा शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. हे सैन्यातले इंजिनियर लोक. पूल बांधणे, रस्ता करणे, पेरलेले सुरुंग शोधून काढणे, ही त्यांची कामे. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर वर चढत गेले. डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले.

चारच महिन्यांनी कसोटीची वेळ आली. एप्रिल १९४८. काश्मीरमध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले सैन्य निघाले होते. राजौरीतल्या लोकांवर संकट होते, तिथे लवकर पोहोचायला हवे होते. पण रणगाडे जाणार कसे? शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, आणि वरच्या डोंगरावरून मशीनगनचा मारा चाललेला. वाट मोकळी करण्याचे काम राणे आणि त्यांच्या तुकडीकडे आले.

८ एप्रिलला कामाला हात घालतात न घालतात तोच तोफगोळे येऊन पडले. तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या जखमींत राणेही होते. पण ते मागे गेले नाहीत. जखम बांधून पुन्हा पुढे सरपटू लागले. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, दोऱ्यांनी चालकाला चाल-थांबची खूण देत त्यांनी वाट काढली, अशी हकीकत सांगतात. पुढे एके ठिकाणी पाच मोठी चीडची झाडे रस्त्यावर आडवी होती, खाली सुरुंग आणि समोरून गोळीबार. तोही अडथळा त्यांनी दूर केला. ११ एप्रिलला चिंगसची वाट रणगाड्यांना मोकळी झाली. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हाती आली. या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. १९४७-४८ च्या त्या युद्धात हे पदक पाच जणांना मिळाले. त्यातले तिघे रणातच पडले होते. जिवंतपणी ते छातीवर लावण्याचे भाग्य दोघांनाच लाभले, लान्स नायक करम सिंग आणि आपले राणे.

शेतकऱ्याला हे काम परके वाटणार नाही. दगड, मुळ्या, खुंट काढल्याशिवाय नांगर चालत नाही. पुढे पीक डोलते ते सर्वांना दिसते, पण आधी रान मोकळे कोणी केले ते दिसत नाही. राणे यांचे शौर्य या जातीचे होते. दुसऱ्याला पुढे जाता यावे म्हणून जमिनीला पोट लावून केलेले काम.

आता हिशोब पाहा. ही लढाई चार दिवसांची. त्यानंतर राणे सेहेचाळीस वर्षे जगले. १९५५ साली त्यांचे राजेश्वरीबाईंशी लग्न झाले, संसार उभा राहिला. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. १९८४ साली एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते, आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही दिले गेले. पण हा सारा मान त्या चार दिवसांचा. बाप म्हणून, नवरा म्हणून माणूस जी वर्षे घालवतो, त्यांना पदक नसते. त्या वर्षांची नोंद घरच्यांनीच ठेवायची असते.

आपल्या सरावलीत काय किंवा डहाणू-तलासरीच्या कुठल्या पाड्यावर काय, फौजीच्या बायकोने काय सोसले असेल ते आठवून पाहावे. नवरा सीमेवर असताना राब भाजणे, लावणी, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, पोरांची शाळा, सारे तिच्या एकटीच्या अंगावर. तो घरी आला तेव्हा पोर त्याला ओळखीना, हेही कित्येक घरांत झालेले असते. मग तोच माणूस निवृत्तीनंतर नातवाला खांद्यावर घेऊन बांधावरून हिंडतो, तेव्हा मागे राहून गेलेली वर्षे भरून काढत असतो.

म्हणून दोन कामे याच सवडीत करा. पहिले, घरात निवृत्त फौजी असेल तर त्याला बोलते करा. पलटण कोणती, कुठे कुठे राहिला, सोबती कोण, घरची कोणती आठवण तिथे यायची, हे नातवाने वहीत लिहून घ्यावे. दुसरे, त्याचे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम ट्रंकेतून काढून पाहा. बायकोचे नाव आणि जन्मतारीख त्यात आहे का, आधार कार्डाशी जुळते का? हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर जातो का? नावात चूक असेल तर तो हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीची वाट विचारून घ्या. मागाहून त्याच एका अक्षरासाठी विधवेला खेटे घालावे लागतात, कुटुंब पेन्शन अडून बसते.

ज्याने उमरभर दुसऱ्यांसाठी वाट मोकळी केली, त्याच्या माघारी त्याच्याच घरच्या माणसांची वाट अडू नये. ध्वजदिनाला झेंडा छातीवर लावाच, पण त्याआधी ती ट्रंक उघडा.