किल्ली कोणाच्या कमरेला?

गेल्या वर्षी पितृपक्षात आजोबांचे श्राद्ध करण्यासाठी आम्ही उज्जैनला गेलो होतो. आजी, बाबा, काका आणि मी. मुक्कामाचा प्रश्न काकांच्या मते सुटलेलाच होता. सहा वर्षांपूर्वी ते तेथील एका मराठी संस्थेच्या धर्मशाळेत राहून आले होते आणि तेव्हाची पावती त्यांनी जपून ठेवली होती. पावतीवरचा दूरध्वनी लागेना, म्हणून त्यांनी तिच्यावर छापलेला संकेतस्थळाचा पत्ता मोबाईलवर उघडला. पाहतात तो पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! आजी शेजारीच बसली होती. काकांनी मोबाईल घाईने उलटा ठेवला. संस्था बुडाली असणार असे सर्वांनी मानले आणि आम्ही एका लॉजमध्ये उतरलो.

दुसऱ्या दिवशी सहज त्या रस्त्याने गेलो, तर संस्था जागच्या जागी उभी! पाटी ताजी रंगवलेली, अंगण झाडलेले, आणि निम्म्या खोल्या रिकाम्या. वृद्ध कार्यवाहांनी आम्हांला चहा पाजला आणि हकिगत सांगितली. "मुलगा चांगला होता हो. त्यानंच हौसेनं सगळं करून दिलं, एक पैसा घेतला नाही. पुढं नोकरीला बाहेर गेला. नाव त्याच्याच खात्यावर होतं, म्हणे. मुदत संपल्याची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. आम्हांला कळलं तेव्हा नाव दुसऱ्यानं घेतलेलं होतं." त्यात कोणी चोरी केली नव्हती की कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही संस्थेचे नाव गेले.

त्याच दुपारी सिद्धवटावर मी दुसरे दृश्य पाहिले. एका पुरोहितांनी आमचे आडनाव, गाव आणि मुलूख विचारला आणि म्हणाले, "तुमचा मुलूख आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा." पलीकडच्यांनी आणखी एका घराकडे बोट दाखवले. तेथील गुरुजींनी लांबट वही काढली, पाने उलटली आणि एका जागी बोट ठेवले. आजीने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे मामंजींचंच अक्षर!" पणजोबांची ती मोडीतली सही १९३६ सालची होती.

एकाच गावात, एकाच दिवशी, नव्वद वर्षांपूर्वीची नोंद सापडते आणि सहा वर्षांपूर्वीची हरवते. हे का घडावे, याचा विचार करण्यासाठी हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वस्तुतः संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था त्या वह्यांहून फारशी वेगळी नाही. आरंभी सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि इतरांनी तिची नक्कल करून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ही एक वही पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी करणारी पद्धत आखली. तीच आज डोमेन नेम सिस्टीम म्हणून चालते. आपण एखादा पत्ता टाकला की आपल्या वतीने विचारपूस सुरू होते. पहिला सांगतो, ".इन हवे ना? त्या घरी जा." तेथे पुढच्या घराचा पत्ता मिळतो आणि शेवटी ज्याच्याकडे आपल्या नावाची वही आहे तो नेमसर्व्हर भेटतो. सिद्धवटावर आम्ही हेच तर केले!

या वहीत लिहिण्याची जागा म्हणजे कंट्रोल पॅनेल. नाव कोणाचे, मुदत केव्हा संपते, पाने कोणत्या यंत्रावर ठेवली आहेत, ईमेल कोठे पोहोचवायची, हे सारे तेथे लिहिलेले असते. त्यातला एक आकडा चुकला तर पाने दिसेनाशी होतात. ईमेलची नोंद पुसली तर प्रवेशासाठी विचारणा करणाऱ्यांची पत्रे कोणाच्याच हाती पडत नाहीत.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. दोन्ही एकाच दुकानातून मिळत असल्याने बहुतेकांना ती एकच वस्तू वाटते. परंतु जागा गेली तर दुसरी घेता येते आणि नाव तिकडे वळवता येते. नाव गेले तर मात्र जुन्या पावत्या, पाट्या, निमंत्रणपत्रिका यांवरचा पत्ता परक्याच्या दारी नेतो. .कॉम किंवा .ऑर्ग अशा नावांची मुदत संपल्यावर सामान्यतः काही दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर जादा आकार भरून नाव सोडवण्यासाठी ३० दिवस असतात, आणि शेवटच्या ५ दिवसांनंतर ते मोकळे होते. म्हणजे नाव वाचवण्याची संधी असते. पण पत्र योग्य माणसाला पोहोचले तरच.

कोणी म्हणेल, "हे तांत्रिक काम आहे. त्यातल्या माणसाकडे सोपवावे आणि स्वस्थ बसावे." काम जरूर सोपवावे. परंतु शेत वाट्याने कसायला दिले म्हणून सातबारा कोणी वाटेकऱ्याच्या नावे करीत नाही. मग संस्थेचे नाव दुकानदाराच्या किंवा हौशी विद्यार्थ्याच्या खात्यावर का असावे?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पुरोहितांची वही तरी खासगीच ना? होय, खासगीच. परंतु गुरुजींच्या मागे ती कोणाकडे जाणार हे ठरलेले असते. आपल्या संस्थांत हौशी कार्यकर्ता असतो, पण त्याचा वारस नसतो. काम तो करतो आणि जाताना ते त्याच्याबरोबर जाते. दोष त्याला देणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. दोष आहे तो त्याच्याकडून चार्ज न घेणाऱ्यांचा.

हा केवळ सोयीचा प्रश्नही नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बनावट संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल यात्रेकरूंना सावध केले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन या राखीव नावांकडे जाण्यास सांगितले. कारण खरे दार कोणते हे लोकांना ओळखता यावे. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. खरे दार बंद दिसले की यात्रेकरू खोट्या दाराची कडी वाजवतो, आणि पैसे तेथेच भरतो.

उज्जैनहून परतल्यावर मी आपल्याही घरात डोकावलो. शिक्षणसंस्थांसाठी राखीव असलेली .एसी.इन ही नावे अर्नेट इंडिया देते, त्यामुळे जुगारवाला ती सहजासहजी घेऊ शकत नाही. तेवढे आपण निर्धास्त! पण पॅनेलचा पासवर्ड कोणाकडे आहे, असे कार्यालयात विचारले तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. आणि प्रयोगशाळेत गेल्या वर्षी पास झालेल्या एका सिनिअरचे नाव निघाले.

माझी सूचना साधी आहे. नाव संस्थेच्या नावे असावे. सूचना येणारी ईमेल कोणा व्यक्तीची नसून पदाची असावी. आणि ती त्याच डोमेनवरची नसावी, नाहीतर तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखे होईल. प्रवेश निदान दोघांना असावा. पासवर्ड बंद पाकिटात कपाटात असावा आणि माणूस बदलला की तो बदलावा. आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक बाकाची व पंख्याची नोंद असते. त्याच रजिस्टरमध्ये डोमेनचे नाव आणि त्याची मुदत या दोन ओळी का असू नयेत? नाव नागरीत घेतलेले .भारत असो, कन्नड लिपीतले असो की इंग्रजीतले, नियम एकच. शेजारच्या विभागातील कन्नड मित्रांनाही यात मतभेदाचे कारण दिसणार नाही.

आमच्या घरी किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असतो. श्राद्धासाठी निघताना तिने तो कोणाला न विसरता आईच्या हाती दिला आणि कोणती किल्ली कशाची हे पुन्हा एकदा सांगितले. संगणकाचे तिला काही कळत नाही. चार्ज कसा द्यावा हे मात्र आपण सर्वांनी तिच्याकडून शिकण्याजोगे आहे.

— तृतीय वर्ष विज्ञान वर्गातील एक विद्यार्थी