जॅझ शिकायचंय, पण बारावीनंतर कुठे? नवी मुंबईतल्या पोरांपुढचा प्रश्न

जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले. त्याआधी 2019 मध्ये तिथेच यू-टू वाजवून गेले, 2017 मध्ये जस्टिन बीबर. म्हणजे जगातले मोठे बँड बघायला मुंबईकर आता खाडी ओलांडून नवी मुंबईत येतात. पण याच शहरातल्या एखाद्या मुलीने घरी सांगितलं, की मला बारावीनंतर गिटार, जॅझ आणि गीतलेखन शिकायचंय, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘बरं, पण डिग्री कशात करणार?’

या प्रश्नाचं नवी मुंबईतलं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर म्हणजे शंकर महादेवन. रामराव आदिक इन्स्टिट्यूटमधून 1988 साली ते कॉम्प्युटर इंजिनीअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली आणि मग पूर्णवेळ संगीतात आले. ‘शक्ती’ या बँडसोबत 2024 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. गाणं मात्र ते कॉलेजात शिकले नाहीत. ते श्रीनिवास खळे यांच्यासारख्या गुरूंकडे शिकले. डिग्री एकीकडे, संगीत दुसरीकडे. आपल्याकडे हाच रस्ता मान्य आहे. पण दोन्ही ओझी एकदम पेलणारे शंकर महादेवन किती असतात?

आता अमेरिकेतला एक प्रकार बघा. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची सरकारी, दोन वर्षांची कॉलेजं असतात. प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला. कॅलिफोर्नियात स्थानिक विद्यार्थ्याला एका क्रेडिट युनिटला 46 डॉलर फी पडते. असोसिएट डिग्रीला साधारण 60 युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची शिकवणी फी तीन हजार डॉलरच्या आत. (परदेशी विद्यार्थ्याला हा दर मिळत नाही, त्याला कितीतरी जास्त मोजावे लागतात. त्यामुळे एजंटने ‘स्वस्त कॉलेज’ म्हटलं तर आधी हे विचारा.) अशा अनेक कॉलेजांत वाद्यवादन, जॅझ बँड, गीतलेखन हे गणित-इतिहासासारखेच विषय असतात. त्यांचे क्रेडिट मिळतात आणि ते घेऊन पुढे मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं.

आपल्याकडे याऐवजी काय आहे? परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय वाशीतच आहे. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, त्यापुढे अलंकार. पाश्चात्त्य संगीतासाठी लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या ग्रेड 1 ते 8. दोन्ही पद्धती शिस्तीच्या आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दोन्हीकडे परीक्षा एकट्याची असते.

आणि जॅझ एकट्याने शिकताच येत नाही. ड्रमरने ताल बदलला की बासवाल्याने ऐकायचं, पियानोवाल्याने जागा सोडायची, सॅक्सोफोनवाल्याने त्या जागेत तिथल्या तिथे सूर रचायचे. बॅकिंग ट्रॅक तुमचं ऐकत नाही. चार-पाच जणांनी दर आठवड्याला एका खोलीत वाजवणं हाच इथला अभ्यासक्रम. क्लास लावून ग्रेड 8 झालेली मुलंही इथे अडखळतात, कारण अशी खोलीच त्यांना मिळालेली नसते.

मुंबईत जॅझ आलं तेही असंच. 1930 च्या दशकात ताज हॉटेलात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे बँड वाजत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर वाजवणारे बरेच जण गोव्याचे होते, उदाहरणार्थ चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना नोटेशन शिकवलं जाई. गरिबाघरच्या पोरालाही ते मिळे. पुढे याच वादकांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस त्यातलेच.

कुणालाही दार उघडं ठेवायचं ही कल्पना आपल्या संगीतालाही परकी नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते याच हट्टाने: राजाश्रय नको, लोकांच्या पैशावर शाळा, वर्ग, लिपी, परीक्षा. वाशीचं मंडळ त्याच परंपरेतलं. पलुस्करांची मुंबईतली वास्तू मात्र पुढे कर्जापायी लिलावात गेली. स्वस्त शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

मग आता काही बदलतंय का? कागदावर, हो. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात सहशालेय विषयांत सादरीकरणाच्या कलांनाही क्रेडिट आहेत. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. शिकवायला कोण, हाही अडसर थोडा सैल झालाय. यूजीसीच्या 2022 च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नियमांनुसार साधारण 15 वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न लावता नेमता येतं. मुंबईतल्या मुरलेल्या जॅझ वादकांपैकी अनेकांकडे संगीताची पदवी नाही, हे लक्षात घेतलं तर ही तरतूद किती कामाची आहे ते कळतं.

गीतलेखनाच्या बाबतीत तर वर्गाची गरज आणखी रोकडी आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून सिनेमातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क शाबूत राहतो. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून तो इतर कुणाला देऊन टाकता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईतच आहे. तरी यमक जुळवायला शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आणि करार वाचायला शिकवणारा वर्ग विरळा.

राहिला हिशोब. दोन क्रेडिटचा प्रात्यक्षिक विषय म्हणजे सत्राला 60 तास. त्यासाठी कॉलेजला लागेल एक आवाजबंद खोली, ड्रम किट, दोन अँप, एक पियानो किंवा चांगला कीबोर्ड आणि वेळापत्रकात चार-पाच मुलांचा एकच मोकळा तास. इंजिनीअरिंगच्या एका प्रयोगशाळेपेक्षा हे महाग नाही. तुमच्या कॉलेजच्या क्रेडिटच्या यादीत संगीत आहे का, आणि असेल तर त्यात एकत्र वाजवायला मिळतं की नुसती लेखी परीक्षा असते, हे प्रवेशाच्या आधी ऑफिसात विचारता येईल.