सगळ्या कपाटाची किल्ली का द्यायची?

यावेळी आम्ही टोकियोच्या कोतो भागातून लिहीत आहोत. मुलगी-जावई इथं राहतात. तोयोसूचा मोठा मासळीबाजार इथलाच, २०१८ साली तो जुन्या त्सुकिजीहून इकडे आला. परवा पहाटे नात आम्हांला ट्यूनाचा लिलाव दाखवायला घेऊन गेली. (ट्यूनाला पर आहेत, खवले आहेत, म्हणजे आपल्याला चालतो.) आम्ही वरच्या गॅलरीत काचेमागे उभ्या. मासा दिसतो, हात लावता येत नाही.

घरी आल्यावर नातीनं आजोबांच्या वाढदिवसाला फोटोंचं छापील पुस्तक करायला घेतलं. छापणारी कंपनी म्हणाली, आधी तुमचं गूगल ड्राइव्ह जोडा. आणि परवानगी कसली, तर सगळ्या फायली बघायची, बदलायची, काढूनसुद्धा टाकायची! आमच्या ड्राइव्हवर फोटोंशेजारी पासपोर्ट, पेन्शन, ह्यांचे हार्टचे रिपोर्ट आहेत. शिवाय चार घरांचे जुने केतुबा, लोकांनी विश्वासानं स्कॅन करायला दिलेले.

आम्ही नातीचा हात धरला. कारण एकदा पोळलोय. एका अ‍ॅपला असंच ‘हो’ म्हटलं होतं, ते म्हणे दुबार फोटो काढून जागा मोकळी करतं. आईचे रेवदंड्याच्या अंगणातले दोन फोटो त्याला एकच वाटले. ज्यात आई हसत होती तोच गेला. ड्राइव्हची कचरापेटी तीस दिवस सांभाळते. आमच्या लक्षात आलं दोन महिन्यांनी.

वॉर्डात मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली आमच्या कमरेला असायची. डॉक्टर मागतील तेवढं औषध काढून द्यायचं, वहीत लिहायचं, कुलूप लावायचं. किल्ली कुणालाच नाही.

इथंही तसंच जमतं. ड्रॉपबॉक्समध्ये काही सेवांना फक्त त्यांच्या नावाचं वेगळं फोल्डर मिळतं, बाकीचं त्यांना दिसत नाही. गूगलमध्येही काही सेवा आपण निवडू तेवढ्याच फायली मागतात. पण ते त्या सेवेनं ठरवलेलं असतं. ती सगळंच मागत असेल तर? आम्ही दुसरं, रिकामं खातं उघडलं. पुस्तकाचे फोटो एका फोल्डरात घातले आणि तेवढंच फोल्डर त्या खात्याला ‘नुसतं बघा’ म्हणून दिलं. मग कंपनीला जोडलं ते रिकामं खातं.

“आजी, बाजारातल्या काचेसारखं!” नात म्हणाली.

काम झाल्यावर जोडणी तोडायची. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, कुणाकुणाला आत घेतलंय त्याची यादी असते. नाव दाबलं की परवानगी काढता येते. मात्र त्यांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती त्यानं परत येत नाहीत. त्या पुसा म्हणून त्यांना वेगळं लिहावं लागतं.

नातीनं आमची जुनी यादीही उघडली. सात नावं निघाली. त्यांतली तीन कुणाची, कधी जोडली, आम्हांला काही आठवेना. सातही काढली.