लेझरची घाई नको, तपासणी पुरी हवी

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदानावर पळणाऱ्या मुलांची गर्दी वाढते. या दोन्ही वेळी नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात विशी-बाविशीतील तरुण-तरुणी आईवडिलांसह दिसू लागतात. मागणी एकच असते, 'लेझर करून चष्मा घालवा, आणि लवकर करा.' दुखेल का, किती वेळ लागेल, खर्च किती, हे सगळे विचारतात. 'माझ्या डोळ्याला हे चालेल का?' हा पहिला प्रश्न मात्र राहून जातो. माझ्या मते लेझरच्या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा दिवस शस्त्रक्रियेचा नसून तपासणीचा असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आजोबांचा मोतीबिंदू बिनटाक्याचा काढला की घरात 'लेझरने केले' असे म्हणतात. प्रत्यक्षात ते काम बहुतेक वेळा ध्वनिलहरींच्या यंत्राने होते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर मारतात ते लेझर वेगळे. आज आपण बोलत आहोत ते चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरविषयी.

डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे 500 ते 550 मायक्रॉन असते. लांबचे अंधुक दिसणाऱ्यांत प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. लेझरने पारपटलाचा मधला भाग किंचित खरवडून चपटा केला की ती पडद्यावर येते. हे एक्सायमर लेझर आसपासचा भाग न भाजता पेशींचा अतिसूक्ष्म थर उडवते. हा गुण 1981 साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत ध्यानात आला. ते शोधणाऱ्या तिघांपैकी एक होते मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन.

आता थोडे गणित करू. नेहमीच्या लॅसिक पद्धतीत पारपटलावर सुमारे 110 मायक्रॉनची पातळ झडप उचलतात आणि तिच्याखाली लेझर मारतात. एक नंबर घालवायला साधारण 12 ते 15 मायक्रॉन थर जातो. खाली निदान 250 ते 300 मायक्रॉन शिल्लक राहावा लागतो. कुणाची जाडी 480 आणि नंबर उणे 9 असेल, तर हा हिशेब बसतच नाही. गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. पारपटल फार पातळ झाले तर ते पुढे फुगू लागते, आणि मग साधा चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

म्हणून तपासणीत काय काय व्हायला हवे ते नीट लक्षात ठेवा. वय 18 पूर्ण हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आधी बंद करावी, कडक लेन्स त्याहून अधिक दिवस. पारपटलाचा यंत्राने नकाशा काढतात. काही तरुणांचे पारपटल मुळातच शंकूसारखे पुढे येत असते. डोळे सतत चोळणाऱ्यांत, ॲलर्जीने खाज येणाऱ्यांत हा दोष अधिक आढळतो. अशा डोळ्यावर नंबर घालवण्यासाठी लेझर मारणे म्हणजे कच्च्या भिंतीची वीट काढणे होय. डोळ्याचा कोरडेपणा, दाब आणि बाहुली मोठी करून आतला पडदाही पाहावा लागतो. त्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कुणी न्यावे आणि स्वतः गाडी चालवू नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. मधुमेह किंवा संधिवात असल्यास लपवू नये.

शस्त्रक्रिया तशी लहान असते. त्या दिवशी काजळ आणि अत्तर लावू नये. थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई टोचत नाहीत. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात आणि समोरच्या दिव्याकडे पाहायला सांगतात. क्षणभर डोळ्यावर दाब येतो, दृष्टी अंधारते, टकटक आवाज होतो, किंचित जळका वास येतो. घाबरू नये. प्रत्यक्ष लेझर बहुधा मिनिटभराच्या आतच संपते.

त्यानंतर काही तास चुरचुरते, पाणी येते. घरी येऊन झोपावे हे उत्तम. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसू लागते, आणि तिथेच निष्काळजीपणा सुरू होतो. डोळा चोळू नये, झडप सरकू शकते. दिलेले थेंब दिवस मोजून घालावेत. नदी-विहिरीत पोहणे महिनाभर बंद. मळणीची धूळ, चुलीचा धूर, रंगपंचमी यांपासून जपावे. रात्री दिव्याभोवती वलये दिसणे आणि कोरडेपणा काही महिने राहू शकतो, क्वचित अधिक काळही. दुखणे वाढले, दिसणे कमी झाले किंवा डोळा लाल झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. शहरात शस्त्रक्रिया करून त्याच रात्रीच्या एस.टी.ने परतू नये. दुसऱ्या दिवसाची तपासणी उरकूनच निघावे.

कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना झडप न उचलता वरच्या थरावरून केलेले लेझर अनेकदा अधिक सोयीचे ठरते. त्यात तीन-चार दिवस बऱ्यापैकी दुखते आणि दृष्टी स्थिरावायला काही आठवडे लागतात. भरतीची तयारी करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी त्या पदाचे वैद्यकीय नियम वाचावेत. लेझर केलेला डोळा चालतो का, चालत असल्यास किती महिने झालेले हवेत, हे पदागणिक वेगळे असते. पैसे भरल्यावर हे कळून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. लेझरने नंबर जातो, डोळ्याची प्रकृती बदलत नाही. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्याचा पडदा लेझरनंतरही नाजूकच राहतो. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी दाखवावे. चाळिशी आली की वाचायचा चष्मा बहुतेकांना लागतोच. लेझरनंतर पारपटल पातळ असल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायलाही जुनी मापे लागतात. म्हणून लेझरपूर्वीचे सारे कागद घराच्या खरेदीखतासारखे जपून ठेवा.

लेझर वाईट नाही. योग्य डोळ्यात ते फार चांगले काम करते. पण चष्मा म्हणजे व्यंग नव्हे, आणि मुलीच्या लग्नासाठी तिच्या डोळ्यावर घाईने केलेला प्रयोग कोणत्याही पाहुण्याच्या पसंतीपेक्षा महाग आहे. 'तुमच्या डोळ्याला हे चालणार नाही' असे एखाद्या नेत्रतज्ज्ञाने सांगितले, तर दुसऱ्याचे मत जरूर घ्या. पण 'हो' म्हणणारा भेटेपर्यंत दारोदार हिंडू नका. नकार देणाऱ्या त्या डॉक्टरने तुमच्याकडून मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडले आहे, एवढे ध्यानात घ्या.